दुष्काळ, दुष्काळसदृश, टंचाई: सरकारी शब्दांमागची व्याख्या

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात सोलापूर जिल्ह्यातले बार्शी, माढा, करमाळा, माळशिरस आणि सांगोला हे पाच तालुके होते. त्यानंतर काही दिवसांतच राज्याच्या उरलेल्या तालुक्यांतली कमी पावसाची महसूल मंडळे 'दुष्काळसदृश' ठरली. बोलताना दोन्हींचा अर्थ जवळपास एकच. कागदावर मात्र त्यांची मोजमापे वेगळी आहेत.

पूर्वी सगळी भिस्त पैसेवारीवर असे. गावातले पीक ५० पैशांच्या आत आले की सवलती लागू होत. पण अंतिम पैसेवारी लागते हंगाम संपल्यावर, तोवर जनावरे बाजारात गेलेली असतात. शिवाय 'टंचाई' आणि 'दुष्काळ' हे शब्द प्रत्येक राज्य आपापल्या सोयीने वापरत होते. ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियमावली सुधारायला सांगितले आणि त्याच डिसेंबरात केंद्राची दुष्काळ व्यवस्थापन संहिता आली.

संहितेत पहिली कळ पावसाची: तूट किती आणि खंड किती दिवसांचा. ती लागू झाली की पेरणीक्षेत्र, उपग्रहाला दिसणारी पिकांची हिरवाई, जमिनीतला ओलावा, धरणे आणि भूजल तपासायचे. शेवटी १० टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी करून 'मध्यम' किंवा 'गंभीर' ठरवायचे. २०२३ च्या ४० तालुक्यांपैकी २४ गंभीर होते. केंद्राच्या आपत्ती निधीतून मदत मागताना हीच वर्गवारी लागते. 'दुष्काळसदृश'साठी मात्र राज्याची कसोटी सोपी होती: सरासरीच्या ७५ टक्क्यांहून आणि ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस. सोलापूरची सरासरीच साडेपाचशेच्या आसपास. त्यामुळे दुसरी अट तिथे नावालाच.

खरी अडचण एककाची आहे. पाऊस मंडळात मोजतात, पैसेवारी गावाची काढतात, दुष्काळ तालुक्याचा जाहीर होतो. हे आकडे जुळवायला गावांचे सांकेतांक हवेत. नावावर भागत नाही, कारण एकाच नावाची गावे अनेक असतात. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याचा क्रमांक ५२६ आहे. पंचायतराज मंत्रालयाची निर्देशिका जिल्ह्यापासून गावापर्यंत स्वतःचे सांकेतांक देते. उजनीचे पाणी तर या कुठल्याच चौकटीत नीट बसत नाही: धरण माढा तालुक्यात, ते भरणारा पाऊस पडतो पुणे जिल्ह्यात.