गोल्फची पहिली ओळख: मस्कतची वाळू आणि हिरवळ

रुवीहून सुलतान काबूस महामार्गाने पश्चिमेकडे निघाले, की विमानतळाच्या परिसरापर्यंत गोल्फची मैदाने आहेत; त्यांत घला, मस्कत हिल्स आणि समुद्रकाठचे अल मौज यांचा समावेश होतो. आज ती हिरवी दिसत असली, तरी ओमानमध्ये हा खेळ तेल उद्योगातील कर्मचाऱ्यांनी वाळूवर रुजवला. खेळाडू कृत्रिम गवताचा छोटा तुकडा सोबत बाळगत आणि त्यावर चेंडू ठेवून फटका मारत. भोकाभोवती ‘ग्रीन’ऐवजी तेल मिसळून दाबलेल्या वाळूचे ‘ब्राऊन’ असे. ग्रेग नॉर्मन यांनी आखलेल्या अल मौजवर 2018 ते 2020 या काळात युरोपियन टूरची ओमान ओपन स्पर्धा झाली.

पूर्ण फेरी 18 होलची असते. प्रत्येक होलसाठी अपेक्षित फटक्यांची संख्या, म्हणजे ‘पार’, बहुधा 3, 4 किंवा 5 असते; एक फटका कमी लागला तर ‘बर्डी’, एक जास्त लागला तर ‘बोगी’. भोकाचा व्यास अवघा 108 मिलिमीटर. हरवलेला चेंडू शोधण्यास 3 मिनिटे मिळतात. न सापडल्यास एका फटक्याचा दंड सोसून मूळ जागेवरून पुन्हा खेळावे लागते. नेहमीच्या खेळात पंच नसतो. आपले फटके आपणच प्रामाणिकपणे मोजायचे, आणि नवख्याची खरी कसोटी इथेच लागते.

नवख्याला अनुभवी खेळाडूसोबत उतरता येते ते ‘हँडिकॅप’मुळे. 28 हँडिकॅप असलेल्याने 98 फटके घेतले, तर निव्वळ गुण 70. 10 हँडिकॅपवाल्याचे 84 फटके म्हणजे 74. जिंकतो पहिला!

क्रिकेटवर पोसलेल्या मराठी माणसाची अडचण मात्र वेगळीच. चेंडू स्थिर असूनही तो खालून उचलून मारण्याचा मोह आवरत नाही. वास्तविक चेंडू उंच नेण्याचे काम क्लबच्या तिरक्या पृष्ठभागाचे. खेळाडूने तो उचलू पाहिला, की क्लब आधी जमिनीवर आदळतो किंवा चेंडूच्या माथ्याला लागतो.

नियमानुसार 14 क्लब बाळगता येतात. पहिल्या दिवशी एकही विकत घेण्याची गरज नाही. सराव मैदानावर भाड्याचा सात क्रमांकाचा आयर्न, चेंडूंची एक बादली आणि प्रशिक्षकाचे दोन-चार धडे पुरेत. कॉलरचा शर्ट हवा, जीन्स नको. मे ते सप्टेंबरमध्ये मात्र पहाटेचीच वेळ घ्यावी आणि पाणी भरपूर न्यावे.