मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरची जीवनशैली

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरची जीवनशैली प्रामुख्याने प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांभोवती आखली जाते. शरीराने नवे मूत्रपिंड परके समजून नाकारू नये म्हणून ते कार्यरत असेपर्यंत ही औषधे घ्यावी लागतात.

डायलिसिसच्या काळातील पाणी व पोटॅशियमवरील कडक बंधने बहुधा सैल होतात. भूक परतते, स्टेरॉइडमुळे ती अधिकच वाढते आणि वजन व रक्तातील साखर चढू लागते. टॅक्रोलिमसमुळेही मधुमेह उद्भवू शकतो. संसर्गाच्या धोक्यामुळे कच्चे दूध, अर्धवट शिजलेले मांस आणि उघड्यावरील कापलेली फळे वर्ज्य मानतात. ग्रेपफ्रूट व पपनस ही फळे टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण वाढवू शकतात. घरगुती काढेही निरुपद्रवी असतीलच असे नाही.

नवे मूत्रपिंड सहसा ओटीपोटात एका बाजूस बसवतात; तेथे बरगड्यांचे संरक्षण नसते. त्यामुळे कुस्ती, कबड्डीसारखे अंगाला भिडण्याचे खेळ टाळण्याचा सल्ला दिला जातो. चालणे मात्र रुग्णालयातच सुरू होते. पहिली जागतिक प्रत्यारोपण क्रीडास्पर्धा १९७८ मध्ये इंग्लंडमधील पोर्टस्मथ येथे झाली.

भारतात जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांचे, विशेषतः आई व पत्नी यांचे, प्रमाण मोठे आहे. त्यामुळे कृतज्ञतेबरोबर अपराधभावही रुग्णाच्या मनात घर करतो. क्रिएटिनिनच्या प्रत्येक तपासणीपूर्वी अवयव गमावण्याची भीती डोके वर काढते. खिन्नतेमुळे औषधे चुकतात. पूर्ण बरे वाटू लागलेल्या रुग्णांकडूनही ती चुकतात, आणि मूत्रपिंड नाकारले जाण्याचे ते एक प्रमुख, टाळता येण्याजोगे कारण आहे.