तकाकीचा इतिहास

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी घरातली वाहने धुण्याचा रिवाज आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून आहे. गेल्या वर्षी त्यांची १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी मी धूत होतो. गाडी वाळल्यावर टपावरून सहज हात फिरवला, तर तळहातावर फिकट निळी भुकटी आली. तीस वर्षे फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला तो स्पर्श लगेच कळला. तो खडूचा स्पर्श होता!

पुण्याहून आलेला मुलगा म्हणाला, "बाबा, आता सगळी एकाच रंगात नवी करून टाका. तो डावा दरवाजा तर वेगळाच दिसतो." तो दरवाजा १९९१ साली चोर्ला घाटात कठड्याला घासला आणि बदलावा लागला. तेव्हा जो निळा मिळाला तो लावला. पुढे गाडी उन्हाने फिकट होत गेली, दरवाजा मात्र गडद राहिला.

मुलाचे म्हणणे गैर नव्हते. पण इतिहासाच्या शिक्षकाला कोणतीही गोष्ट पुसण्याआधी ती कशी घडली हे पाहावेसे वाटते. म्हणून मी गाडीच्या रंगाचा इतिहास शोधू लागलो.

गाडीच्या रंगाला इंग्रजीत 'लॅकर' म्हणतात, आणि हा शब्द मुळात आपल्याकडचा आहे. झाडाच्या फांदीवर किडे जी लाख तयार करतात, तिचेच नाव पोर्तुगीजांच्या मार्गाने युरोपात गेले. सावंतवाडीच्या गंजिफा आणि लाकडी खेळणी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना लाखेची तकाकी वेगळी सांगायला नको. मात्र मोटारीच्या लॅकरमध्ये लाख नावालाही नसते. नाव राहिले आणि वस्तू बदलली, असे इतिहासात अनेकदा होते.

पहिल्या मोटारी घोडागाडीसारख्याच रंगवल्या जात. कुंचल्याने एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा दुसरा हात द्यायचा आणि शेवटी व्हार्निश. एका गाडीला यात कित्येक आठवडे लागत. हेन्री फोर्डच्या कारखान्यातून रोज शेकडो गाड्या बाहेर पडू लागल्यावर हे परवडणे शक्य नव्हते. म्हणून १९१४ पासून १९२५ पर्यंत त्याची 'मॉडेल टी' फक्त काळ्या रंगात मिळे. तो काळा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता आणि भट्टीत भाजून पक्का करता येई.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. युद्धकाळात अमेरिकेच्या ड्युपाँ कंपनीने धूररहित दारूगोळा प्रचंड प्रमाणात तयार केला होता. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारे नायट्रोसेल्युलोज हा त्याचा आधार. शांतता आल्यावर त्याच पदार्थापासून झटपट वाळणारा रंग निघाला. त्याचे नाव 'ड्युको'. जनरल मोटर्सच्या ओकलंड या गाडीवर १९२४ च्या मॉडेलसाठी तो प्रथम वापरला गेला, आणि तो रंग निळाच होता. आठवड्यांचे काम तासांवर आले. पुढे १९२७ साली त्या कंपनीने गाड्यांचे रूप आणि रंग यांसाठी वेगळा विभागच काढला. तोफखान्यासाठी जन्मलेला पदार्थ अशा रीतीने हौसेच्या कामी आला.

आपल्याकडे हे नाव इतके रुजले की लाकडी कपाटाला फवाऱ्याने रंग द्यायचा असला तरी सुतार 'ड्युको मारू या' म्हणतो. कंपनी कोणती, देश कोणता, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही.

या इतिहासातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सुरुवातीचा ड्युको फवारल्याबरोबर चमकत नसे. वाळल्यावर तो मंदच दिसे. कारखान्यातले कामगार तो घासून घासून चकचकीत करीत. म्हणजे त्या गाड्यांची तकाकी नुसत्या रंगातून आलेली नव्हती. ती घासण्यातून आली होती.

आता आमच्या गाडीकडे येतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' झाली. त्या काळी नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. इतक्या प्रतीक्षेने आलेली वस्तू कोणी सहज टाकून देत नसे. तिचा रंग उडाला तर तो परत आणायचा, हीच रीत होती. २००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

आमच्या गावात एक म्हातारे पेंटर आहेत. घरी कन्नड बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी. त्यांनी टपावर बोट फिरवले आणि म्हणाले, "सर, रंग गेला नाही. वरचा थर मेलाय. खाली जिवंत हाय की."

हे म्हणणे शास्त्राला धरूनच आहे. रंगात भुकटी असते आणि ती धरून ठेवणारा चिकट पदार्थ असतो. ऊन आणि हवा यांनी वरचा चिकट पदार्थ झिजतो, भुकटी उघडी पडते. पृष्ठभाग खडबडीत झाला की प्रकाश सरळ परतण्याऐवजी चहूकडे विखुरतो. म्हणून रंग मंद आणि पांढुरका दिसतो. रबिंग कंपाऊंडने हा मेलेला थर काढला की खालचा गुळगुळीत रंग पुन्हा उजेड परतवतो. त्यावर मेण लावायचे ते चमक टिकावी म्हणून. नुसते मेण लावले तर चार दिवसांत पहिले पाढे पंचावन्न.

घासताना फडक्याला गाडीचा रंग लागला, तर रंग जुन्या पद्धतीचा समजावा. अलीकडच्या गाड्यांत रंगावर पारदर्शक थर असतो, त्यामुळे फडक्याला रंग येत नाही. तिथे हात फार जपून चालवावा लागतो, कारण तो थर एकदा गेला की घासून परत येत नाही.

जुन्या रंगालाही मर्यादा आहेच. रंगाची सगळी जाडी मिळून जेमतेम वहीच्या कागदाएवढी असते. वडील दर दसऱ्याला हौसेने बोनेट घाशीत. पेंटरनी बोनेटची कड दाखवली. तिथे प्रायमर डोकावत होता. "काढत काढत किती काढणार सर? खाली पत्राच हाय." ज्या प्रेमाने गाडी चमकली, त्याच प्रेमाने ती झिजलीही होती.

मग दरवाजाचे काय? त्यांनी डिकीचे झाकण उघडले. आत जिथे ऊन कधी पोचले नव्हते, तिथे १९७९ चा निळा रंग तसाच होता. तो आणि दरवाजाचा रंग शेजारी ठेवले तर फरक अगदी थोडा! इतकी वर्षे आम्ही दरवाजाला परका म्हणत होतो. खरे तर दरवाजा मूळ रंगाच्या जवळ होता. रंग बदलला होता तो उरलेल्या गाडीचा. रंग जुळवायचा तर आधी जुना भाग घासून त्याचा खरा रंग बाहेर काढावा आणि मग नमुना घ्यावा. फिकट झालेल्या रंगाशी नवा जुळवला, तर पुढच्या खेपेला तोही चुकतो.

शेवटी असे ठरले, की बोनेट नव्याने रंगवायचे. बाकी गाडी हाताने घासायची, कडांना जपायचे, दरवाजाला हात लावायचा नाही. काम आठ दिवस चालले. दोन दिवस मुलाने रजा वाढवून स्वतः घासले. त्याचा हात निळा झाला, तेव्हा एकच रंग मारण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

दसऱ्याला हार घातला तेव्हा गाडी नवी दिसत नव्हती. उन्हात पाहिले तर दरवाजा अजून किंचित वेगळा आहे, आणि बोनेट त्याहून किंचित वेगळे. सकाळी आरशात पाहावे तसा मी टपात वाकून पाहिले. चेहरा दिसला. वडील अंघोळीनंतर तिथेच भांग पाडीत असत, हे तेव्हा आठवले.