आधी जहाज, मग रेल्वे

कोविडच्या काळात 'साथरोग कायदा लागू' हे शब्द आपण इतक्यांदा ऐकले की त्यांचा अर्थच उडून गेला. महाराष्ट्रात तो १३ मार्च २०२० ला लागू झाला. मागच्या रविवारी म्हटलं, बघू तरी काय आहे तो. १८९७ चा कायदा, मूळची कलमं फक्त चार! आमच्या ऑफिसची लीव्ह पॉलिसी याच्या कितीतरी पट मोठी आहे. असो.

मी अडलो ते एका क्रमापाशी. सरकारला काय काय करता येईल याच्या मूळ यादीत आधी जहाजं आहेत, मग रेल्वे. आणि जहाजं कुठली? तर बंदरातून 'सुटणारी किंवा येणारी'. आधी सुटणारी. माणसं मरत होती मुंबईच्या मांडवीत आणि काळजी बाहेर जाणाऱ्यांची?

हो, कारण पैसा तिथे होता. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग ओळखला आणि युरोपात धास्ती बसली. हिंदुस्थानच्या मालाला आणि जहाजांना तिकडची बंदरं बंद झाली तर व्यापार बसलाच म्हणायचा. फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिसला याच प्रश्नावर आंतरराष्ट्रीय परिषद सुरू झाली. त्याआधीच, ४ तारखेला, इकडे कायदा मंजूर झाला होता, आणि त्याच महिन्यात मुंबईहून हज यात्रेला जाणंही बंद केलं गेलं. थोडक्यात, साहेबाला जगाला दाखवायचं होतं की बघा, आम्ही कडक आहोत.

हा कडकपणा बंदरावरून रेल्वेत आला. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला नुसता संशय आला तरी प्रवाशाला वेगळं ठेवता येई. आमच्या भाषेत सांगायचं तर कंडिशन एकच, संशय आला का? एल्स लिहिलेलंच नाही! वर शेवटचं कलम असं की सद्हेतूने केलेल्या कामाबद्दल अधिकाऱ्यावर दावा लावता येत नाही. मुंबईहून नाशिककडे येणारे प्रवासी कल्याणला तपासले जात. वरच्या वर्गाच्या लोकांना डब्यातच बघत, तिसऱ्या वर्गाला मात्र फलाटावर उतरवून रांगेत उभं करत, काखेत-जांघेत गाठ आहे का ते चाचपायला. बायकांनासुद्धा. हाफकिनची लस निघाल्यावर ती घेतल्याचा दाखला दाखवणाऱ्यांना काही ठिकाणी यातून सूट मिळे. म्हणजे लसीचं सर्टिफिकेट ही काही कोविन ॲपची देणगी नव्हे.

एवढं करून प्लेग थांबला का? १८९९ मध्ये तो आमच्या नाशिकजवळच्या भगूरला होता. सावरकरांचे वडील आणि काका त्यात गेले. उंदरांवरच्या पिसवांतून रोग पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. तोवर फलाटावर माणसं चाचपली जात होती, आणि उंदरांना, धान्याच्या पोत्यांना कोण विचारतो?

२०२० मध्ये चित्र उलटं झालं. या वेळी 'येणारे' आधी. १६ मार्चला महाराष्ट्र सरकारने ठरवलं की होम क्वारंटाइन सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईने शिक्का मारायचा. दोनच दिवसांनी जर्मनीहून आलेल्या चार जणांना गरीब रथमधून पालघरला उतरवलं गेलं. ते सुरतकडे निघाले होते आणि सहप्रवाशांना हातावरचे शिक्के दिसले. आता गंमत बघा, शिक्का म्हणतो घरी राहा आणि घर सुरतकडे. तिथपर्यंत जायचं कसं याचं उत्तर शिक्क्यात नाही. आपल्याकडच्या बऱ्याच फॉर्म्सचं हे असंच असतं.

पुढे ८ ऑगस्टपासून परदेशातून येणाऱ्यांसाठी ऑनलाइन फॉर्म आला. सात दिवस स्वखर्चाने संस्थात्मक क्वारंटाइन, मग सात दिवस घरी. प्रवासाआधीच्या ९६ तासांतला निगेटिव्ह आरटी-पीसीआर रिपोर्ट दाखवला तर संस्थात्मक क्वारंटाइनमधून सूट. हे 'एअर सुविधा' प्रकरण नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झालं.

पण या सगळ्याच्या मधे एक तारीख आहे, १ मे २०२०. पहिल्या श्रमिक स्पेशल गाड्यांपैकी एक आमच्या नाशिकरोडहून भोपाळला सुटली. विमानाने आलेला रोग, आणि त्या दिवसांत घरी जायला डॉक्टरचा दाखला मागितला जात होता महाराष्ट्रातल्या मजुरांकडे, ज्यांच्याकडे बहुधा पासपोर्टही नसेल. शेवटी रांगेत पुन्हा 'सुटणारे', आणि पुन्हा रेल्वे. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

जाता जाता एक कामाची गोष्ट. कोणाला केनिया किंवा नायजेरियाचं ऑनसाइट मिळत असेल तर पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या. कार्ड आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं. हा रोग आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा डास आहे, त्यामुळे हा नियम मला पटतो. कार्ड मात्र चेक-इन बॅगेत टाकू नका, ते इमिग्रेशनच्या आधीच मागतात!