ही फाइल कुणी उघडायची?

2001 च्या जुलैत सरकॅम नावाचा विषाणू ईमेलमधून जगभर पसरला. अँटिव्हायरसने तो शोधून पुसून टाकला, आणि अनेकांची खरी अडचण तिथून पुढे सुरू झाली. वर्ड उघडेना, ब्राउझर उघडेना, साधा कॅल्क्युलेटरही उघडेना. प्रोग्रॅम सगळे जागच्या जागी होते. बिघडली होती ती विंडोजच्या रजिस्ट्रीतली, म्हणजे त्याच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतली, एकच ओळ.

‘.ईएक्सई’ प्रकारच्या फाइलवर डबल क्लिक झालं की काय करायचं, हे त्या ओळीत लिहिलेलं असतं. मूळ ओळ अगदी छोटी आहे: "%1" %*. म्हणजे निवडलेली फाइल चालव आणि सोबतच्या सूचना तिच्या हवाली कर. सरकॅमने या ओळीच्या आधी स्वतःच्या फाइलचं नाव घुसवलं होतं. त्यामुळे कुठलाही प्रोग्रॅम सुरू केला तरी आधी विषाणू चालायचा. अँटिव्हायरसने विषाणूची फाइल काढली, ओळ मात्र तशीच राहिली, आणि विंडोज दर वेळी त्या नाहीशा झालेल्या फाइलचा शोध घेत अडून राहू लागलं.

रजिस्ट्री दुरुस्त करायचं ‘रेजएडिट’ हे साधनसुद्धा ‘.ईएक्सई’ फाइलच. मग ते तरी कसं उघडणार? दुरुस्ती करणाऱ्यांनी काढलेली वाट आजही थक्क करते. कमांड प्रॉम्प्टवरून रेजएडिटची एक प्रत करायची, प्रतीच्या नावाचा शेवट ‘.कॉम’ असा ठेवायचा आणि ती चालवायची. ‘.कॉम’साठी रजिस्ट्रीत वेगळी ओळ असते. तिला सरकॅमने हात लावला नव्हता. शिवाय प्रत्यक्ष चालवायची वेळ आली की विंडोज नाव बाजूला ठेवून फाइलची पहिली दोन अक्षरं वाचतं. तिथे ‘एमझेड’ दिसलं की ती ‘.ईएक्सई’ साच्यातली फाइल आहे हे त्याला कळतं. डॉसच्या काळात हा साचा घडवणारे मायक्रोसॉफ्टचे प्रोग्रॅमर मार्क झ्बिकोव्स्की यांची ही आद्याक्षरं. रेजएडिट उघडलं की ओळ पूर्ववत करायची, आणि बंद पडलेला संगणक पुन्हा कामाला लागायचा.

एकाच यंत्रात एक भाग नावावर विश्वास ठेवतो आणि दुसरा आतला मजकूर तपासतो, हे कसं झालं? त्याचं मूळ 1960 च्या दशकात सापडतं. डिजिटल कंपनीच्या पीडीपी-10 यंत्राचा एक शब्द 36 बिटांचा होता आणि टॉप्स-10 प्रणाली एक अक्षर 6 बिटांत बसवायची. फाइलच्या नावाला पूर्ण शब्द दिला, म्हणून नाव 6 अक्षरांचं. एक्स्टेन्शनला, म्हणजे नावामागच्या प्रकार सांगणाऱ्या शेपटाला, अर्धा शब्द दिला, म्हणून ते 3 अक्षरांचं. अशाच यंत्रावर काम केलेल्या गॅरी किल्डाल यांनी 1974 मध्ये सीपी/एम लिहिताना 3 अक्षरं कायम ठेवली आणि नाव 8 अक्षरांपर्यंत वाढवलं. सीपी/एमवरचे प्रोग्रॅम सहज उतरवता यावेत म्हणून टिम पॅटरसन यांनी 1980 मध्ये आपल्या 86-डॉसमध्ये तोच रिवाज घेतला. त्यातून मायक्रोसॉफ्टचं डॉस आलं, आणि 1981 मध्ये आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरबरोबर ही 3 अक्षरं घरोघरी निघाली.

कोणती फाइल कोणता प्रोग्रॅम उघडणार या जोडणीला असोसिएशन म्हणतात. डॉसमध्ये ती बिघडण्याचा प्रश्नच नव्हता. आधी प्रोग्रॅमचं नाव टाइप करायचं, मग फाइलचं. कोण काय उघडणार हे माणूस स्वतः सांगत होता. माउस आला आणि लोक थेट फाइलवर क्लिक करू लागले, तेव्हा ते उत्तर कुठेतरी आधीच लिहून ठेवणं भाग पडलं. विंडोज 3 मध्ये ते ‘विन.आयएनआय’ या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असे आणि नोटपॅडमध्ये उघडून कुणालाही दुरुस्त करता येई. विंडोज 95 ने हा सगळा कारभार रजिस्ट्रीत हलवला.

ॲपलने 1984 च्या मॅकिंतोशमध्ये जास्त समंजस रचना केली होती. नावाला हात न लावता प्रत्येक फाइलसोबत 4 अक्षरांचे दोन संकेत ठेवले जात: फाइल कोणत्या प्रकारची, आणि ती कोणत्या प्रोग्रॅमने बनवली. त्यामुळे एकाच प्रकारच्या दोन फाइली आपापल्या प्रोग्रॅममध्ये उघडत. कोणता संकेत कोणत्या प्रोग्रॅमचा याची डेस्कटॉपची वही विस्कटली तर संगणक सुरू होताना कमांड आणि ऑप्शन या कळा दाबून धरायच्या. ती नव्याने लिहिली जाई. पण फाइल डॉसच्या फ्लॉपीवर किंवा इंटरनेटवर गेली की हे संकेत गळून पडायचे. 2009 च्या स्नो लेपर्डपासून ॲपलने बनवणाऱ्या प्रोग्रॅमचा संकेत विचारात घेणंच थांबवलं. हे नुकसान झालं, असंच म्हणायला हवं.

विंडोजवर तोवर वेगळीच लढाई जुंपली होती. गाणी आणि व्हिडिओ वाजवणारा प्रत्येक नवा प्रोग्रॅम इन्स्टॉल होता होता सगळे प्रकार स्वतःच्या नावावर करून घ्यायचा. 1998 मध्ये रिअलनेटवर्क्सचे रॉब ग्लेझर यांनी अमेरिकेच्या सिनेट समितीपुढे, मायक्रोसॉफ्टच्या मीडिया प्लेअरमुळे आपला रिअलप्लेअर बिघडतो, अशी तक्रार मांडली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात ॲपलचे अवी टेवानियन यांनी क्विकटाइमच्या फाइलींबद्दल साक्ष दिली. ज्याची फाइल होती त्या माणसाची साक्ष मात्र या भांडणात कुणी मागितली नाही.

ही पळवापळवी थांबवण्यासाठी 2012 च्या विंडोज 8 मध्ये माणसाने केलेल्या निवडीशेजारी एक गणिती खूण ठेवली जाऊ लागली. खूण जुळली नाही तर विंडोज ती निवड मानत नाही. घुसखोर प्रोग्रॅमना आळा बसला, पण एका क्लिकसरशी असोसिएशन जागेवर आणणाऱ्या तयार ‘.रेग’ फाइलीही त्यामुळे पुष्कळ ठिकाणी निरुपयोगी झाल्या. 2015 मध्ये विंडोज 10 आलं तेव्हा, लोकांनी आधी निवडलेला ब्राउझर अपग्रेडमध्ये बदलला जातो, असं ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे तेव्हाचे प्रमुख ख्रिस बिअर्ड यांनी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांना जाहीर पत्र लिहून सुनावलं.

हा वाद केवळ आवडीनिवडीचा नाही. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पीडीएफ म्हणून मिळतो. त्यावर डबल क्लिक केलं की अनेक संगणकांवर तो थेट ब्राउझरमध्ये उघडतो, आणि बऱ्याच ब्राउझरमध्ये ती स्वाक्षरी तपासायची सोय नसते. स्वाक्षरी तपासायची तर उतारा ॲक्रोबॅट रीडरसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडावा लागतो. एका फाइलपुरतं राइट क्लिक करून ‘ओपन विथ’ पुरतं. कायमचा बदल हवा तर सेटिंग्जमधल्या ‘डिफॉल्ट ॲप्स’मध्ये ‘.पीडीएफ’ शोधून प्रोग्रॅम निवडावा लागतो. 2021 मध्ये आलेल्या विंडोज 11 मध्ये ब्राउझरसाठीही प्रत्येक प्रकार असाच वेगवेगळा बदलावा लागत होता. ओरड झाल्यावर 2022 मध्ये ब्राउझरपुरतं एक बटण देण्यात आलं. पीडीएफला तेव्हा त्याचा फायदा मिळाला नाही.