शेजघर

काही वर्षांपूर्वी एका वाटणीच्या दाव्यानिमित्त धार जिल्ह्यातील मनावर ह्या गावी जाण्याचा प्रसंग आला होता. विंध्याद्रीच्या दक्षिणेस, निमाडच्या प्रदेशात, मान नदीच्या काठी हे गाव वसले आहे. तेथील एका जुन्या मराठी कुटुंबाचा वाडा चार भावांत वाटावयाचा होता. कोर्टाच्या कमिशनरने काढलेला नकाशा ओसरीवर पसरून आम्ही बसलो होतो. प्रत्येक चौकोनात त्या त्या खोलीचे नाव लिहिलेले होते: देवघर, माजघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली. घरातील वडील सून, आता स्वतःच आजी झालेली, उंबऱ्याशी उभी राहून सारे ऐकत होती. ती म्हणाली, “वकीलसाहेब, देवाची खोली आहे, धान्याची आहे, बाळंतिणीची आहे. मग नवरा-बायकोची कुठली?”

नकाशावर तशी खोली नव्हती, कारण वाड्यातच ती नव्हती. बाळंतिणीची खोली असलेल्या घरात दांपत्याची खोली असू नये, ही विसंगती त्या दिवसापर्यंत माझ्या ध्यानातही आली नव्हती. उत्तर तेव्हा मजपाशी नव्हते. पुढे ग्रंथ चाळताना मात्र असे दिसून आले की, ज्या प्रदेशात हा प्रश्न विचारला गेला, त्याच प्रदेशात त्याचे उत्तर फार पूर्वी लिहिले गेले आहे.

मनावरहून उत्तरेस घाट चढून गेले की धार लागते. अकराव्या शतकातील भोजराजाची ही राजधानी. त्याच्या नावावर असलेला ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुविद्येवरील ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत टी. गणपतिशास्त्री यांनी संपादून १९२४ व १९२५ साली दोन भागांत प्रसिद्ध केला. नगररचना, राजवाडे, देवालये ह्यांबरोबरच त्यात शय्या व आसने ह्यांच्या लक्षणांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. इतकेच नव्हे, तर यंत्रांच्या प्रकरणात रात्रीच्या प्रत्येक प्रहराला एकेक मजला वर चढत जाणाऱ्या शय्येचे, कारंज्यांच्या धारागृहांचे आणि फिरत्या झोपाळ्यांचे वर्णन येते. ह्या यंत्रांची घडण आपण उघड करीत नाही, ती अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्ततेसाठी, असेही ग्रंथकाराने सांगून ठेवले आहे. आम्हां वकिलांना हा बचाव परिचित आहे! परंतु ती शय्या प्रत्यक्षात चढली असो वा नसो, मुद्दा निराळा आहे. दांपत्याच्या विश्रांतीची जागा कशी सजवावी, हा विषय एका राजाच्या नावाने, देवालयाच्या शिखराइतक्याच गांभीर्याने, एकाच पोथीत हाताळलेला आहे. त्यात संकोच नाही आणि चावटपणाही नाही.

भोजाच्या आधी सुमारे पाचशे वर्षे अवंतीच्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त हाच विषय घेतला होता. त्याचे शय्यालक्षण वाचताना एखाद्या जाणत्या सुताराशी बोलत असल्याचा भास होतो. पलंगासाठी असन, चंदन, देवदार, टेंभुर्णी, साल, शिवण, साग, शिसव ही झाडे त्याने प्रशस्त मानली आहेत. विजेने, पाण्याने, वाऱ्याने वा हत्तीने पाडलेले झाड घेऊ नये. ज्यावर मधाची पोळी वा पाखरांची घरटी आहेत ते घेऊ नये. स्मशानातील, हमरस्त्यावरील, काटेरी किंवा वेलींनी वेढलेले घेऊ नये, असे तो बजावतो. ह्यांतील काही निषेध शकुनाचे, तर काही उघडच व्यवहाराचे आहेत. विजेने चिरफाळलेल्या लाकडाचा पलंग कोण करील? मापेही नेमकी आहेत. टरफल काढलेले आठ जव पोटाशी पोट लावून ठेवले की एक अंगुल होते. राजाची शय्या अशा १०० अंगुलांची, राजपुत्राची ९०, मंत्र्याची ८४, सेनापतीची ७८ आणि पुरोहिताची ७२. रुंदी लांबीच्या निम्म्याहून थोडी कमी, पायांची उंची लांबीच्या एकतृतीयांश. पुरोहितानेही पलंगावर निजावे हे ह्या शास्त्राने गृहीतच धरले होते, ही गोष्ट आपल्या देवळांच्या विश्वस्त मंडळींनी लक्षात घेण्यासारखी आहे.

लाकडाकडून खोलीकडे वळावयाचे तर त्याहून जुना साक्षीदार वात्स्यायन. त्याच्या ‘कामसूत्रा’चे नाव उच्चारताच आजकाल लोक उगाच हसतात, परंतु पहिल्या अधिकरणातील ‘नागरकवृत्त’ हा अध्याय कोणाही सभ्य गृहस्थाने वाचावा असा आहे. घर पाण्याजवळ असावे, त्याला झाडांची बाग असावी आणि निजण्याच्या खोल्या दोन असाव्यात, असे तो सांगतो. बाहेरच्या खोलीत मऊ शय्या, दोन्ही बाजूंस उशा, वर शुभ्र चादर. शेजारी दुसरी लहान शय्या. उशाशी छोट्या ओट्यावर उटणे, फुलांची माळ, सुगंधाचा डबा, महाळुंगाच्या साली, विडे. जमिनीवर पिकदाणी, भिंतीच्या खुंटीला वीणा, चित्रफलक, रंगांची पेटी, एखादी पोथी. जवळच बैठक आणि सोंगट्यांचा पट, बाहेर पाखरांचे पिंजरे, बागेत सावलीला झोपाळा. ह्या यादीत भोगाच्या वस्तू किती आणि मनाच्या किती, ह्याचा हिशेब वाचकांनीच करावा. वीणा, पोथी, चित्र आणि खेळ: दोन माणसांना एकमेकांशी बोलावयास लावणाऱ्या ह्या वस्तू आहेत. स्वच्छता, सुगंध, संभाषण ह्या तीन गोष्टींवर ती खोली उभी आहे.

तथापि ह्या वर्णनात एक उणीव आहे, ती झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ती खोली नागरकाची, म्हणजे पुरुषाची आहे. वीणा त्याची, पोथी त्याची. स्त्रियांची जागा आतल्या घरात. दोघांची म्हणून जी खोली, ती तेथेही पूर्णपणे दोघांची झालेली नाही.

ती कोठे झाली आहे, हे पाहावयाचे तर ग्रंथ मिटून देवळात जावे. त्याच निमाडात नर्मदाकाठी ओंकारेश्वर आहे. तेथे शयनारतीच्या वेळी शिवपार्वतीसाठी शय्या घालतात, पुढे सारीपाट मांडतात आणि मग गाभाऱ्याचे दार बंद करतात. पहाटेपर्यंत आत कोणी जात नाही. सारीपाट मांडला आहे, म्हणजे खेळणारी दोन माणसे बरोबरीची आहेत. कधी तो जिंकेल, कधी ती. मदुरेला तर सुंदरेश्वराची पावले दररोज रात्री पालखीतून मीनाक्षीच्या शेजघरात नेतात. तेथे जातो तो देव, आणि दालन आहे ते देवीचे. आपल्या पंढरपुरालाही विठ्ठलाचे शेजघर आहे आणि शेजारती आपल्यापैकी कित्येकांना मुखोद्गत असते. ज्या समाजाने देवाच्याही एकांताची एवढी बूज राखली, त्याच्या वाड्यात माणसांना तो का मिळू नये?

ह्याची कारणे नीतीत कमी आणि इतिहासात अधिक आहेत. अठराव्या शतकात पवारांबरोबर मराठी माणसे धार-देवासकडे स्थिरावली, ती आपली घर बांधण्याची रीतही घेऊन आली. वाडा हा एकत्र कुटुंबाचा आणि धामधुमीच्या काळाचा. भिंती जाड, बाहेर खिडक्या थोड्या, सारे तोंड आतल्या चौकाकडे. शत्रूपासून आणि शेजाऱ्यापासून वाड्याने उत्तम संरक्षण दिले. घरातल्या घरात आडोसा मात्र दिला नाही. पुरुष ओसरीवर वा सोप्यात निजत, बायका-मुले माजघरात. माडीवरची एखादी खोली पाळीपाळीने जोडप्यांच्या वाट्यास येई, आणि तिचा जिना सर्वांच्या डोळ्यांदेखत चढावा लागे. गोमंतकात घर मोठे असेल तेथे राजांगणाभोवती एकेका संसाराला एकेक कूड मिळे. परंतु मोठे घर सर्वांच्या नशिबी कोठून? त्यातच बालविवाहाची चाल. वधूच अजाण पोर असे, तेव्हा तिला स्वतःची खोली हवी हा विचारच कोणाला सुचत नसे.

अशाच एका माडीवरच्या खोलीत महाराष्ट्राच्या इतिहासातील एक मोठी घटना घडली. १८७३ च्या डिसेंबरात न्यायमूर्ती रानडे यांचा अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह झाला. ह्या विषम विवाहाबद्दल त्यांना दोष देणारे तेव्हाही होते, आजही आहेत. परंतु लग्नानंतर पत्नीला माडीवर नेऊन त्यांनी तिच्यापुढे पाटी ठेवली आणि अक्षरे गिरवावयास लावली. घरातील बायकांना हे शिक्षण खपत नव्हते. दिवसा बोलणी बसत, रात्री धडा चाले. रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत हे सारे सांगितले आहे. ते दार बंद होत नसते, तर पुढे सेवासदन चालविणाऱ्या रमाबाई आपणास लाभल्या असत्या की नाही, ह्याची शंका वाटते.

परंतु बंद दाराला दुसरी बाजूही आहे. १८८४ साली मुंबईत दादाजी भिकाजी ह्यांनी पत्नी रखमाबाई हिने नांदावयास यावे म्हणून फिर्याद केली. अकराव्या वर्षी झालेले लग्न आपणास मान्य नाही, असे तिचे म्हणणे होते. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली दावा काढून टाकला. अपिलानंतर १८८७ साली मात्र, पतीकडे जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. तुरुंग पत्करीन, असे तिने कळविले. १८८८ साली तडजोड होऊन ती मोकळी झाली आणि पुढे डॉक्टर झाली. ज्या खोलीत जाण्याचे नाकारता येत नाही, ती शेजघर नव्हे, कोठडी होय. हे त्या मुलीने साऱ्या देशाला शिकविले. १८९१ च्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारा केले, त्यामागे हेच मंथन होते.

आमच्या कायद्याने शेजाऱ्याच्या खिडकीचा विचार फार लवकर केला. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या १८व्या कलमाखाली एक उदाहरण दिले आहे: गावची तशी रूढी असेल, तर शेजाऱ्याच्या खासगी जागेत दृष्टी पोहोचेल अशी नवी खिडकी पाडता येत नाही. घरातल्या घरात माणसाला एकांत असतो, हे मान्य व्हावयास मात्र पुढची शतकभराहून अधिक वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आणि तो हक्क भिंतींचा वा कुटुंबाचा नसून व्यक्तीचा आहे. म्हणजे दार लोटल्यावर आतील दोघांपैकी प्रत्येकाचा तो स्वतंत्र हक्क आहे. ओंकारेश्वरचा सारीपाट हेच सांगत होता.

आज घर बांधताना लोक मोटारीसाठी जागा सोडतात, पाहुण्यांसाठी खोली राखतात आणि मुलगा-सुनेची व्यवस्था उरलेल्या जागेत करतात. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की, शेजघराला फार खर्च लागत नाही. भिंत अशी असावी की शब्द बाहेर जाऊ नये. खिडकी अशी की वारा यावा, दृष्टी येऊ नये. चांगल्या सागाचा साधा पलंग, निमाडच्या कापसाची गादी, स्वच्छ चादर, मंद दिवा, चार फुले. एक फळी त्याच्या पुस्तकांची, एक तिच्या. आणि दाराला आतून कडी; ती दोघांच्याही हाताला येईल अशी, लावण्यासाठी आणि काढण्यासाठीही.

मनावरचा दावा तडजोडीने मिटला. नव्या नकाशावर सह्या होण्यापूर्वी त्या आजीबाईंनी धाकट्या नातवाच्या वाट्याची माडीवरची खोली दाखवून विचारले, “हिला नाव काय लिहिणार?” मी लिहिले, ‘शेजघर’. त्यांनी तो शब्द दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “देवाकडचाच शब्द आहे. चालेल.” देवापुढे पडदा ओढल्यावर आपण पावलांचा आवाजही होऊ देत नाही, तीच रीत जिन्यावरच्या त्या दाराशीही पाळावी, एवढेच आता बाकी आहे.