रात्री १०.१९ : एका फॉर्मचा घटनाक्रम

(वेळा भारतीय.)

गुरुवार, १ मार्च २०१२. घटनेच्या तीन दिवस आधी.
येगोर होमाकोव्ह हा रशियन तरुण 'रुबी ऑन रेल्स' या वेबसाइट बनवण्याच्या चौकटीच्या गिटहबवरच्या (कोड ठेवायच्या संकेतस्थळावरच्या) पानावर एक मुद्दा नोंदवतो. रेल्समधला 'अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड' डेटाबेसच्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला ऑब्जेक्टचं रूप देतो, त्यामुळे डेटाबेसशी बोलायच्या एसक्यूएल भाषेत काही लिहायची गरज बहुतेक वेळा उरत नाही. फॉर्ममधून आलेलं सगळं एका ओळीच्या कोडने ऑब्जेक्टमध्ये ओतलं की ते थेट तक्त्यात जातं. होमाकोव्हचं म्हणणं एवढंच की या ओतण्यावर मुळातच बंधन हवं.

समजा, भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीच्या शेतकऱ्यांसाठी कुणी धान विक्रीच्या नोंदणीचा फॉर्म असा बनवला. पडद्यावर तीन रकाने: नाव, गट क्रमांक, बँक खातं. तक्त्यात मात्र चौथा रकाना आहे, 'पडताळणी झाली', आणि तो केंद्रावरच्या कर्मचाऱ्यानेच भरायचा आहे. आता ब्राउझरमध्ये पानाचा कोड उघडायचा, त्यात 'पडताळणी झाली : होय' हा रकाना स्वतःच घुसवायचा आणि 'सबमिट' दाबायचं. हा रकाना मी दिला होता का, असं सर्व्हर विचारतच नाही. नाव जुळलं की तो भरून मोकळा होतो. एक पोतंही न मोजता काट्याची पावती फाडली जाते.

यावरचा उपाय रेल्समध्ये आधीपासून होता: कोणते रकाने बाहेरून भरता येतील याची यादी. पण ती द्यायची की नाही, हे प्रत्येकाच्या मर्जीवर होतं. ही जबाबदारी अ‍ॅप लिहिणाऱ्याची, असं उत्तर होमाकोव्हला मिळालं. मला ते मुळीच पटत नाही. घाईत काम उरकणारा माणूस जे आयतं मिळतं तेच वापरतो, आणि आयतं मिळत होतं ते उघडं दार.

शुक्रवार-शनिवार.
गिटहबमधली एक वेगळी त्रुटी होमाकोव्ह गिटहबला कळवतो. ती दुरुस्तही होते. याच दिवसांत रेल्सच्या पानावर त्याचा एक मुद्दा दिसतो, ज्यावरची तारीख हजार वर्षं पुढची आहे. तारखेचा रकानासुद्धा बाहेरून भरता येतो, याचा हा डोळ्यांसमोरचा पुरावा होता. एवढा इशारा खरं तर पुरे होता.

रविवार, ४ मार्च. शेवटची काही मिनिटं.
गिटहब स्वतःही रेल्सवरच चालतं. तिथे आपली एसएसएच पब्लिक की, म्हणजे कोड चढवताना ओळख पटवणारी किल्ली, नोंदवण्याचा एक साधा फॉर्म आहे. होमाकोव्ह त्यात एक रकाना वाढवतो, 'युजर आयडी', आणि स्वतःच्या ऐवजी रेल्सच्या चमूतल्या एका सदस्याचा क्रमांक भरतो.

रात्री १०.१९. कॅलिफोर्नियात सकाळचे ८.४९.
फॉर्म स्वीकारला जातो. होमाकोव्हची किल्ली आता दुसऱ्याच्या खात्यावर लागली आहे.

लगेच नंतर.
तो रेल्सच्या कोडच्या मुख्य शाखेत एक निरुपद्रवी फाइल टाकून दाखवतो. तीच जागा, जिथल्या कोडमधून निघणाऱ्या आवृत्त्या जगभरातल्या असंख्य वेबसाइट्स डोळे झाकून वापरतात. तिथे त्याने गुपचूप चार ओळी बदलल्या असत्या तर आपल्याला कधी कळलं असतं?

त्याच रात्री.
गिटहब ती किल्ली काढून टाकतं, होमाकोव्हचं खातं गोठवतं आणि फॉर्म दुरुस्त करतं. चौकशीनंतर त्याचं खातं परत मिळतं. खातं परत देणं मला योग्य वाटतं. मात्र या फॉर्ममधली त्रुटी त्याने आधी कळवायला हवी होती, ही गिटहबची तक्रारही रास्तच होती.

बुधवार, ७ मार्च.
गिटहबचे वापरकर्ते जोवर आपापल्या किल्ल्या तपासून मंजूर करत नाहीत, तोवर त्या किल्ल्यांनी कोड चढवणं-उतरवणं बंद.

३० मार्च.
रेल्स ३.२.३ येतं. नव्या अ‍ॅपमध्ये रकान्यांची यादी देणं आता सुरुवातीपासूनच सक्तीचं. पुढे जून २०१३ मध्ये रेल्स ४ ही यादी मॉडेलमधून, म्हणजे तक्त्याशी जोडलेल्या कोडमधून, काढून कंट्रोलरमध्ये, म्हणजे फॉर्म जिथे येऊन पोचतो तिथेच, आणतं. जँगो या पायथनमधल्या अशाच चौकटीतही २०१५ च्या १.८ आवृत्तीपासून मॉडेलवरून फॉर्म बनवताना कोणते रकाने घ्यायचे किंवा वगळायचे हे सांगितलं नाही, तर तो फॉर्म बनतच नाही.